धार उतरव

हिंटरबाख, १८ नोव्हेंबर

प्रिय आफ्रा,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. लिंडे स्वयंपाकघरातून हसतेय. म्हणते, "पत्र लिहून लिहून तू काय लिहिणार? नऊ हिवाळे तिच्या स्की तयार केल्यास, तेवढ्यात तुम्ही दोघं मिळून शंभर वाक्यं बोलला नसाल." तिचं खरं आहे. मी म्हणायचो, "बर्फ कोरडा आहे," तू म्हणायचीस, "बरं." एवढ्यावर आपले चार महिने निघायचे.

तर बर्फ. इथे अजून नाही. कुरणं तपकिरी पडलीत आणि धुकं दुपारपर्यंत उठत नाही. काल तुझी आई चीजच्या दुकानात भेटली. मी विचारलं, "आफ्राच्या नव्या स्की कशा आहेत?" ती म्हणाली, "ते तू तिलाच विचार." मग माझ्या पिशवीत चीजचा एक तुकडा जास्त टाकून गेली. म्हणजे ती माझ्यावर रागावलेली नाही, किंवा रागावली आहे पण मी उपाशी राहू नये असं तिला वाटतं.

माझं बरं आहे. कंबर गेली म्हणून संघाचं काम सोडलं, हे तुला कळलंच असेल. तीस वर्षं हॉटेलांच्या तळघरांमध्ये वाकून स्कीला मेण लावलं की कंबर जाणारच. आता सकाळी गोठ्यापर्यंत चालतो आणि परत येतो.

कॅनडातली पहिली शर्यत दोन आठवड्यांवर आली. तिथला बर्फ थंडीत सँडपेपरसारखा होतो, मेण खरवडून काढतो. तुझा नवा माणूस, तो टिरोलचा विगिल, त्याला हे माहीत असणार. चांगला कारागीर आहे, मी त्याला ओळखतो. फक्त त्याला एक सांग. डाव्या वळणात तू उजव्या पायावर भार जरा उशिरा टाकतेस. म्हणून उजव्या स्कीची आतली कड टोकापासून दोन बोटं सोडून पुढे पूर्ण धारेची हवी. हे त्याला तीन महिने तुझी धाव पाहूनसुद्धा कळणार नाही. मला कडांची झीज बघून कळायला दोन वर्षं लागली होती.

उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझा,
बेर्टल

हिंटरबाख, ७ डिसेंबर

प्रिय आफ्रा,

एकोणिसावी. वाईट नाही. नव्या स्की, नवे बूट, पहिलाच उतार. वरच्या सपाट भागात तू चांगली सरकत होतीस. मधल्या मोठ्या वळणात वाकलेली होतीस ती ताठ उभी राहिलीस, तिथेच अर्धा सेकंद गेला. विगिलच्या मेणाला दोष नाही.

आता तू म्हणशील, याला हे कसं कळलं? टीव्हीवर पाहिलं. तुझी धाव वरपासून खालपर्यंत मी पहिल्यांदाच पाहिली. लिंडेचा विश्वास बसेना. तिला वाटायचं, मी दर शनिवारी डोंगरावर उभा राहून तुला पाहत असतो. तिला सांगितलं, स्की तयार करणारा माणूस वर असतो, स्टार्टच्या खोपटात. तुझ्या स्कीवरच्या बुटांच्या बांधण्या पुसून द्यायच्या, हातमोजे द्यायचे, आणि मग तुझी पाठ दिसते, तीसुद्धा दोन गेटपुरती. पुढचं सगळं कर्ण्यावरून. हे तिला पटलं. सगळं खरं नव्हतं, पण पटलं.

परवा, संत निकोलसच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, गावातली पोरं नेहमीप्रमाणे केसाळ कातडी पांघरून घंटा बडवत फिरत होती. मी खानावळीत बसलो होतो. गावचा सुतार येऊन माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय बेर्टल, तू बाजूला झाल्यापासून पोरीच्या स्की सरळ पळायला लागल्या म्हणे."

सगळे हसले. मीही हसलो. म्हटलं, "हो ना, मी वाकड्या करून द्यायचो."

त्याला काय सांगणार? गेल्या जानेवारीत तुझे वेळ वाईट पडायला लागले तेव्हा पेपरांत आलं होतं की जर्मन संघात स्कीची तयारी नीट होत नाही. ते वाचून गावाने मत बनवलं. बनवू दे. त्या महिन्याबद्दल मी कुणाशी बोललो नाही आणि बोलणारही नाही.

गुडघा थंडीत दुखतो का? बांधून ठेव.

तुझा,
बेर्टल

हिंटरबाख, ११ जानेवारी

प्रिय आफ्रा,

सहावी. लिंडेने शेजाऱ्यांना बोलावून केक कापला. मी गोठ्यात जाऊन बसलो. गाईंना काही सांगावं लागत नाही.

बोलणार नाही असं लिहिलं होतं, पण आता लिहितो. ज्याच्याशी हे बोलावं असं तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाहीच.

तू घसरून उताराच्या कडेच्या जाळीत पडलीस तो डिसेंबर मला सांगता येत नाही, म्हणून त्याच्या पुढून सुरू करतो. वर्षभराने तू परत आलीस. डॉक्टर म्हणाले, गुडघा नव्यासारखा आहे. कोच रायनर म्हणाला, "पोरगी घोड्यासारखी तंदुरुस्त आहे, आता फक्त वेग हवा." सगळे खूश. आणि जानेवारीतल्या त्या संध्याकाळी तू तळघरात आलीस, उलट्या बादलीवर बसलीस, नेहमीच बसायचीस तशी. मी मेणाची इस्त्री बाजूला ठेवली.

तू म्हणालीस, "बेर्टल, धार उतरव."

"किती?"

"बऱ्यापैकी. कडा फार चावतात. पायाखालून ओढून नेतात."

"उद्या वरचा अर्धा उतार बर्फाची काच आहे, आफ्रा."

"माहितेय मला. उतरव."

मी म्हणालो, "बरं."

"आणि कुणाला सांगू नकोस."

"मी कुणाला काय सांगतो?"

तू हसलीस. त्या हिवाळ्यात तेवढं एकदाच.

दुसऱ्या दिवशी तू एकतिसावी आलीस. खाली उतरल्यावर रायनरने विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "स्की धरतच नव्हत्या." संध्याकाळी तो तळघरात आला. सगळ्यांसमोर म्हणाला, "बेर्टल, म्हातारा झालास तू. कानस हातात धरता येत नसेल तर सांग, दुसरा माणूस बघतो." तू दारात उभी होतीस. मी म्हणालो, "उद्या नीट करतो." पुढच्या आठवड्यात तू पुन्हा बादलीवर येऊन बसलीस, पुन्हा म्हणालीस, धार उतरव. चार आठवडे असंच.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. माझ्यावर आलेलं मला चाललं असतं. अजून दहा वर्षं चाललं असतं.

मग ती जागतिक स्पर्धा. तीन दिवस धुकं, चौथ्या दिवशी आभाळ मोकळं झालं. त्यांनी उतारावर पाणी मारलं, रात्रीत सगळं गोठून निळं झालं. शर्यतीच्या आदल्या दिवशी चार वाजता तू आलीस. बसली नाहीस. हातात चहाचा पेला होता आणि पेल्यातला चहा हलत होता. म्हणालीस, "उद्या सगळी उतरव. पूर्ण."

मी म्हणालो, "बरं." तू गेलीस. मी कानस खाली ठेवली, जिना चढून रायनरच्या खोलीत गेलो आणि त्याला सांगितलं. चार आठवडे ती धार उतरवायला सांगतेय, ती घाबरलीय, तिला उद्या सोडू नकोस.

त्याने तासाभरात तुझं नाव खोडलं आणि त्या एकोणीस वर्षांच्या मुलीचं घातलं.

तू तळघरात आलीस तेव्हा मला वाटलं, ओरडशील. तू हळूच म्हणालीस, "नऊ वर्षं तुझ्यावर पाय ठेवून उभी होते मी." आणि दार लावून गेलीस. दार आपटलंसुद्धा नाहीस.

मी तुझ्या भल्यासाठी केलं, आफ्रा. हे तुला सांगायचं राहिलं होतं.

बेर्टल

हिंटरबाख, २ फेब्रुवारी

प्रिय आफ्रा,

पेपरात वाचलं की हा हिवाळा संपला की तू थांबणार. लिंडेने बातमी आधी वाचली होती. पेपर घडी करून सकाळभर स्वतःच्या मांडीखाली ठेवला होता. मी विचारलं, "पेपर कुठंय?" ती म्हणाली, "आज आला नाही." मग तिलाच ते सहन झालं नाही.

मला वाटत होतं, अजून वेळ आहे. दोन-तीन हिवाळे तू धावशील, मी अधूनमधून लिहीन, कधीतरी राग निवळेल. आता तुझ्या चार शर्यती राहिल्या. तेव्हा मागच्या पत्रात मी जे नीट लिहिलं नाही ते आज लिहितो. काल लिहायला बसलो होतो, दोन कागद फाडले.

पहिली गोष्ट. मी धार कधीच उतरवली नव्हती.

तू जायचीस, मी कानस घ्यायचो, आणि नेहमीसारखीच धार लावायचो. एकदाही बोथट केली नाही. मला जमलंच नाही. काचेसारख्या बर्फावर एकशे वीसच्या वेगाने तुला बोथट कडांवर सोडायचं, हे माझ्या हाताने होईना. तुला वाटायचं, बोथट म्हणजे सावकाश, सावकाश म्हणजे सुखरूप. तसं नसतं, हे मी तुला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. "बरं" म्हणालो आणि फसवलं. बाकीच्या मुली स्टार्टला अंगठ्याचं नख कडेवर घासून धार तपासतात. तू नऊ वर्षांत एकदाही तपासली नाहीस. म्हणून मी पकडला गेलो नाही.

त्या चार आठवड्यांतली प्रत्येक धाव तू पूर्ण धारेच्या स्कीवर केलीस. सरावात एकदा वरच्या टप्प्यात तू सगळ्यांत तिसरी होतीस, आठवतं? रायनर चकित झाला होता. तेव्हाही धार होती.

मग तू म्हणशील, स्की ठीकच होत्या तर रायनरकडे कशाला गेलास? त्या दिवशीही "बरं" म्हणून धार लावली असतीस आणि गप्प बसला असतास.

ही दुसरी गोष्ट. तुझ्या भल्यासाठी केलं, असं मी लिहिलं. रायनरलाही तसंच सांगितलं. लिंडेलाही. तसं नव्हतं. घाबरलो मी होतो.

तू जाळीत पडलीस त्या दिवशी मी वर खोपटात होतो. कर्ण्यावर माणूस तुझे वेळ सांगत होता आणि मध्येच गप्प झाला. तो अकरा मिनिटं गप्प होता. तुझे हातमोजे बदलायला आणलेले, दुसरा जोड, तो माझ्या हातात होता. पुढची मुलगी स्टार्टवरून मागे सरली. हेलिकॉप्टरचा आवाज आला आणि कुणी मला काही सांगेना. त्यानंतर तू परत आलीस, पण तू सुटलीस की मी खोपटामागे जायचो आणि कानांवर हात ठेवून उभा राहायचो. खालून तुझा वेळ आला की कुणीतरी माझी बाही ओढायचं. सगळा जानेवारी असा काढला. लिंडेला सांगितलं, पाठ दिसते आणि मग कर्णा. कर्णासुद्धा ऐकत नव्हतो मी.

त्या दिवशी निळा उतार पाहिला, तुझ्या पेल्यातला चहा पाहिला, आणि मला पुन्हा ती अकरा मिनिटं नको होती. एवढंच. तुझी शर्यत मी माझ्या जिवाच्या शांतीसाठी घेतली. तू खाली सुखरूप आली असतीस की नसतीस, त्याचा मी विचारही केला नाही.

कंबर बरी आहे. ती गेली नव्हती. वसंतात स्की बनवणाऱ्या कंपनीने मला दुसऱ्या एका मुलीच्या स्की दिल्या. मी त्या बाकावर लावल्या, कानस घेतली आणि उभा राहिलो. मग फोन करून सांगितलं, कंबर गेली.

यातलं काही तू माफ करावंस असं नाही. पण तू थांबताना असं समजून थांबू नकोस की बोथट धारेशिवाय तुला उतरता येत नव्हतं. येत होतं. तू उतरत होतीस.

बेर्टल

हिंटरबाख, १६ मार्च

प्रिय आफ्रा,

मी आलो होतो. सांगितलं नाही. लिंडेला बहिणीकडे जातो म्हटलं, आणि तिने विचारलं, "कुणाच्या बहिणीकडे? तुला बहीण नाही." मग तिनेच डबा भरून दिला, ब्रेड, उकडलेली अंडी आणि दोन सफरचंदं, आणि म्हणाली, कुंपणाला घट्ट धरून उभा राहा.

मी वर गेलो नाही, खालीही नाही. उतारावरच्या त्या खड्या भिंतीपाशी गेलो, जिथून सगळ्या एका वळणात बाहेर फेकल्या जातात. माझ्या शेजारी एक बाई थर्मास घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "कुणासाठी आलात?" मी म्हणालो, "अकरा नंबरसाठी." त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी?" मी म्हणालो, "नाही. मी तिच्या स्की करायचो." त्यांनी मला कॉफी दिली.

पहिल्यांदा तुझा आवाज आला. तुला पाहण्याआधी तुझ्या कडांचा आवाज ऐकू येतो, हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. कापड फाडल्यासारखा. मग तू आलीस, खाली वाकून, आणि त्या वळणात उभी राहिली नाहीस. मी पापणी मिटली नाही. दोन सेकंद असशील माझ्यासमोर. मग तू कड्याखाली गेलीस आणि मी कर्णा ऐकला, पूर्ण, कानांवर हात न ठेवता.

पाचवी. तुझ्या शेवटच्या शर्यतीत पाचवी.

विगिलने उजव्या कडेचं तेवढं केलेलं होतं. आवाजावरून कळलं.

बेर्टल

सोन्थोफेन, २४ मार्च

बेर्टल,

पाच पत्रं आली. पहिलं मी न फोडता कपाटावर ठेवलं. दुसरं त्याच्यावर. तिसरं येईपर्यंत ती एवढी दिसायला लागली होती की कपाट पुसता येईना, म्हणून एका बैठकीत तिन्ही वाचली. विगिलला उजव्या कडेचं जानेवारी संपायच्या आत सांगितलं. तो म्हणाला, "हे तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "एका कंबर गेलेल्या माणसाने."

चौथं पत्र शर्यतीला जाताना माझ्या खिशात होतं. घाटात गाडी बाजूला लावून वाचलं. रडले नाही. हसले, बेर्टल. तुला खरंच वाटलं, मला कळलं नाही?

काचेवर पहिलं वळण घेतलं की कळतं. बोथट स्की सरकते, पायाखालून निसटते. ती सरकली नाही. तिने धरलं, तुझ्या सगळ्या स्की धरतात तसंच. पहिल्याच दिवशी, दुसऱ्या गेटला मला कळलं की तू काही उतरवलेलं नाहीस. दुसऱ्या आठवड्यातही माहीत होतं. तिसऱ्याही.

मग मी पुन्हा पुन्हा येऊन का सांगत होते, असं तू विचारशील. मलाही हे आत्ता लिहिताना नीट दिसतंय. मला कुणाला तरी सांगायचं होतं. रायनरला सांगितलं असतं तर त्याने नाव खोडलं असतं. आईला सांगितलं असतं तर तिने चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या असत्या. आणि तुझ्यामाझ्यात बोलायला होतं काय, बर्फ, मेण आणि धार. तर मी धारेचं बोलले. मी म्हणायचे, उतरव, तू म्हणायचास, बरं. तू ऐकलंस, एवढं मला पुरायचं. तू उतरवणार नाहीस याची खात्री होती, म्हणूनच तर मी मागू शकत होते. त्या "बरं"वर मी खाली उतरायचे. एकतिसावी, पण उतरायचे.

त्या दिवशीही मी त्यासाठीच आले होते.

आणि तू जिना चढून रायनरकडे गेलास. मला राग आला तो शर्यत गेली म्हणून नाही. ती गेली, बरं झालं की वाईट, मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही, आणि आता तू त्यावर डोकं खर्च करू नकोस. राग आला तो जिन्याचा. माझ्यापर्यंत यायला तुला जिना चढावा लागला नसता. मी समोर उभी होते.

रायनर तुला म्हातारा म्हणाला तेव्हा मी दारात उभी राहून गप्प बसले. ते माझं. त्याबद्दल तू पाच पत्रांत एक ओळही वाकडी लिहिली नाहीस, म्हणून मी लिहिते. मी त्याच आठवड्यात त्याला सांगायला हवं होतं. परवा सांगितलं. तो म्हणाला, "बेर्टलला फोन करतो." करेल की नाही माहीत नाही. सुताराला मी स्वतः सांगणार आहे, खानावळीत, सगळ्यांसमोर.

शर्यतीत तुला मी पाहिलं नाही. त्या वळणात कुणालाच कुणी दिसत नाही. पण तू तिथे होतास हे वाचून मी ती दोन सेकंदं पुन्हा आठवायचा प्रयत्न केला, आणि आता त्यात तू आहेस.

रविवारी येते. लिंडेला सांग, चीजच्या शेवया कर आणि वर कांदा भरपूर. जेवताना आपण तिघं तुझ्या गाईंबद्दल बोलू. नंतर तू आणि मी गोठ्यामागे फिरायला जाऊ आणि बर्फाचं सोडून बोलू. अवघड जाईल, पण बघू.

मला भीती वाटत होती, बेर्टल. हे मी पहिल्यांदाच कुठेतरी लिहितेय. लिहून झाल्यावर पाहिलं तर एवढंसंच वाक्य आहे. तुला मात्र त्याला चार पत्रं लागली.

आफ्रा